२३४७ म्हणजे कधीच नाही

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस कार्डाच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाचा एक टॅब दिसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कार्डांत तो चांगला लांबलचक असे. आरटीएस थ्रेशोल्ड २३४७. फ्रॅगमेंटेशन थ्रेशोल्ड २३४६. प्रीअँबल, लाँग किंवा ऑटो. कंट्री रीजन. मिक्स्ड मोड प्रोटेक्शन. संगणक दुरुस्त करायला घरी येणारा मुलगा या टॅबकडे ढुंकूनही बघत नाही आणि त्याचं बरोबरच आहे; इथे हात लावून कुणाचं बंद पडलेलं नेट सहसा सुरू होत नाही. पण यातली एकही ओळ उगीच आलेली नाही. कुठल्या तरी अडचणीतून, कुणाच्या तरी भांडणातून नाहीतर एखाद्या कायद्यातून ती तिथे येऊन बसली आहे. कार्ड बसवणं हे काम मुळात कुणाचं होतं आणि ते कुणाकुणाच्या गळ्यात पडत गेलं, याचा माग काढायचा तर या टॅबइतकी चांगली वाट दुसरी नाही.

सगळ्यात मागे गेलं की हवाई बेटं लागतात. १९६०चं दशक संपत असताना हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, होनोलुलूच्या मानोआ भागात होता आणि विद्यापीठाची महाविद्यालयं, संशोधन केंद्रं मात्र वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली. टेलिफोनच्या तारा महाग, शिवाय भरवशाच्या नाहीत. सर्फिंगच्या ओढीने हवाईत येऊन तिथलाच झालेला नॉर्मन अब्राम्सन नावाचा प्राध्यापक आणि त्याचे सहकारी यांनी तारांचा नाद सोडून यूएचएफ रेडिओ धरला. जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ चालू झालं. वेग सेकंदाला ९६०० बिट. टर्मिनलकडून मुख्य संगणकाकडे जायला ४०७.३५० मेगाहर्ट्झ आणि तिकडून परत यायला ४१३.४७५ मेगाहर्ट्झ, असे दोनच मार्ग. आणि जाण्याचा मार्ग सगळ्यांना मिळून एकच.

प्रत्येक टर्मिनलशेजारी एक पेटी असे, टर्मिनल कंट्रोल युनिट. टर्मिनलची केबल एका बाजूने तिच्यात जायची आणि दुसऱ्या बाजूने अँटेना निघायची. आत रेडिओ, मोडेम आणि टाइप केलेली ८० अक्षरांची ओळ पाठवून होईपर्यंत धरून ठेवण्यापुरती जागा. आपल्या वायरलेस कार्डाची पूर्वज ती हीच. तिचा नियम आज वाचताना थोडा बेपर्वा वाटतो: ओळ तयार झाली की सरळ पाठवून द्या. मानोआच्या संगणकाकडून पोच आली तर ठीक. नाही आली तर दुसऱ्या कुणाची ओळ त्याच क्षणी निघून दोघांची टक्कर झाली असं समजा, मनाला येईल तितका वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. या बेपर्वाईची किंमतही गणिताने काढता येते. टर्मिनलं कितीही असोत, त्या मार्गाची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमता कामी लागते, बाकीची टकरीत आणि रिकामेपणात जाते. पण मध्ये कुणी नियंत्रक लागत नाही, कुणाची पाळी ठरवावी लागत नाही, नवं टर्मिनल आलं म्हणून कुठल्या वहीत नोंद करावी लागत नाही. यात जे कमावलं ते पुढच्या पन्नास वर्षांना पुरलं.

अब्राम्सनचा लेख रॉबर्ट मेटकाफने वाचला आणि १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात हीच कल्पना तारेत घातली. त्या जाळ्याचं सुरुवातीचं नावही ‘आल्टो अलोहा नेटवर्क’ होतं, इथरनेट हे नंतरचं. तारेत एक सोय होती जी हवाईच्या हवेत नव्हती. तारेवर दुसरं कुणी बोलत असेल तर ते सगळ्यांना ऐकू येतं, आणि आपण बोलत असताना टक्कर झाली तर तीही लगेच कळते. त्यामुळे आधी ऐका, मग बोला, टक्कर झाली तर गप्प व्हा, एवढ्या नियमावर तारेची कार्डं आरामात चालली.

पुढे तारेतली हीच रीत पुन्हा हवेत आणायची वेळ आली तेव्हा ती पुरी पडेना. स्वतःचं प्रक्षेपण चालू असताना रेडिओला दुसऱ्याचं क्षीण बोलणं ऐकू येत नाही, म्हणजे टक्कर कळायचा रस्ता बंद. त्याहून वाईट म्हणजे अ आणि ब या दोघांना मधला क ऐकू येतो, पण एकमेकांचा पत्ता नसतो. घाटातल्या वळणाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या दोन एसट्या एकमेकींना दिसत नाहीत. वळणावर उभ्या माणसाला मात्र दोन्ही दिसतात. टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५मध्ये या अडचणीचं गणित मांडलं. व्यवहारातला तोडगा हॅम रेडिओच्या छंदिष्टांकडून आला. फिल कार्न याने १९९०मध्ये सुचवलं की आधी एक छोटा संदेश पाठवून ‘बोलू का?’ असं विचारावं आणि समोरच्याने ‘बोल’ म्हणावं. ते ‘बोल’ आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं आणि तेवढा वेळ बाकीचे गप्प राहतात. विचारणं म्हणजे आरटीएस, परवानगी म्हणजे सीटीएस.

आता तो २३४७ कुठून आला ते कळतं. एवढ्याएवढ्या बाइटपेक्षा मोठं पॅकेट असेल तरच आधी विचार, असा तो उंबरठा आहे. लहानसहान पॅकेटसाठी विचारपूस करण्यात पॅकेटपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून उंबरठा. आणि मूळ मानकात सर्वांत मोठी फ्रेम २३४६ बाइटची. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या २३४७ चा अर्थ इतकाच होतो की ही सोय दिली आहे, पण बंद ठेवली आहे. घाट चुकला नव्हता; बहुतेक घरांत वळणच नव्हतं. मोठ्या वसतिगृहात किंवा कारखान्याच्या लांब शेडमध्ये मात्र हा आकडा ५०० च्या आसपास आणून चमत्कार पाहिलेले लोक आहेत.

‘कंट्री रीजन’ ही ओळ मात्र इंजिनिअरांची नाही, सरकारांची. आपल्याकडे १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा असा होता की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा. घरातल्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या घरी ते जुनं पुस्तक अजून कुठेतरी सापडेल. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यावर संपली. तो रेडिओ तर नुसता ऐकत होता. बोलणारं यंत्र सामान्य माणसाच्या हाती विनापरवाना द्यायचं ही कल्पनाच तेव्हाच्या कुठल्याही सरकारला पटण्यासारखी नव्हती.

ती कल्पना अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेत मायकेल मार्कस नावाच्या इंजिनिअरने रेटली आणि मे १९८५मध्ये निर्णय झाला: ९०२ ते ९२८, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ या तीन पट्ट्यांत, लहरी एका जागी न ठेवता रुंद पसरवून आणि ठरलेल्या शक्तीच्या आत पाठवल्या तर परवाना नको. औदार्याचं कारण साधं होतं. हे पट्टे आधीच खराब मानलेले होते. १९४७च्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून २४५० मेगाहर्ट्झचा परिसर उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी सोडलेला, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हन. तिथे आधीच गोंगाट, मग आणखी चार जण बोलले तर बिघडलं काय? (जाता जाता: याच कंपनाला पाण्याचे रेणू जास्तीत जास्त ऊर्जा शोषतात म्हणून ओव्हनला ते दिलं, ही गोष्ट शाळेच्या प्रदर्शनात अजून सांगतात. ती खरी नाही. पाण्याचं शोषण त्याच्या कितीतरी वर, वीसेक गिगाहर्ट्झच्या घरात शिखर गाठतं.) ओव्हन चालू केला की वाय-फाय रडतं, ही आपल्या स्वयंपाकघरातली तक्रार त्या १९४७च्या वाटणीची आहे.

प्रत्येक देशाने २.४ गिगाहर्ट्झची ही पट्टी आपापल्या सवडीने आणि आपापल्या मापाने मोकळी केली. सैन्याकडून, रेल्वेकडून, टीव्हीवाल्यांकडून जेवढी जागा सुटली तेवढी. अमेरिकेत चॅनेल १ ते ११, युरोपात बहुतेक ठिकाणी १ ते १३, जपानमध्ये वर आणखी १४. सुरुवातीच्या मानकात स्पेनला फक्त १० आणि ११, फ्रान्सला १० ते १३. भारतात घरात, गच्चीवर, कुठेही २.४ गिगाहर्ट्झ वापरायला मोकळीक देणारी अधिसूचना जानेवारी २००५मध्ये निघाली. शक्ती ४ वॉटपर्यंत, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत. म्हणजे इंटेलने मार्च २००३मध्ये ‘सेन्ट्रिनो’च्या जाहिरातींचा धडाका लावून वायरलेस कार्ड लॅपटॉपच्या आतच घातलं, त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

या वाटणीचा चटका अमेरिकेहून लॅपटॉप आणणाऱ्या मराठी घरांनी चांगला अनुभवला आहे. मुलगा न्यू जर्सीहून मशिन घेऊन येतो, कोथरूडच्या घरी बाकीच्या सगळ्यांना वाय-फाय दिसतं, त्यालाच दिसत नाही. ड्रायव्हर टाकून झाला, कार्ड काढून बसवून झालं. राउटर १२ किंवा १३ चॅनेलवर चढलेला असतो आणि कार्डाच्या पोटातल्या चिमुकल्या स्मृतीत, जिथे कंट्री रीजनच्या ओळीचाही हात पोचत नाही, ‘अमेरिका’ लिहिलेलं असतं. त्याच्या दृष्टीने १३ नंबरचं चॅनेल या पृथ्वीवर नाही. राउटर ६ वर आणला की पाच मिनिटांत प्रकरण मिटतं.

एफसीसीने दार उघडल्यावर आत सगळ्यात आधी शिरलेल्यांत गल्ले विकणारे होते. एनसीआर ही कंपनी दुकानांतली कॅश रजिस्टरं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या तारा पुन्हा टाकाव्या लागत, आणि मोठ्या दुकानांत मांडणी सारखीच बदलते. एनसीआरच्या नेदरलंड्समधल्या उत्रेख्टच्या केंद्राने ‘वेव्हलॅन’ नावाचं कार्ड तयार केलं. १९९०मध्ये ते अमेरिकेत विकायला आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. त्याच केंद्रातला व्हिक हेज आयईईईच्या ८०२.११ समितीचा अध्यक्ष झाला. समिती बसली १९९०मध्ये, मानक निघालं जून १९९७मध्ये. सात वर्षांत कार्डं विकली जात होती, पण एकाचं दुसऱ्याशी बोलत नव्हतं.

तेव्हाचं कार्ड बसवणं हे हाताचं काम होतं. कॅबिनेट उघडायचं, आयएसए खाच मोकळी करायची, आणि कार्ड आत जाण्याआधी ठरवायचं की त्याने प्रोसेसरचं लक्ष वेधायला कुठली आयआरक्यू लाइन वापरायची. ५ वर बहुधा साउंड कार्ड, ७ वर प्रिंटर, १४ नि १५ वर डिस्क. उरलं १० किंवा ११. पत्ता ३०० हेक्स. हे जंपरने किंवा कार्डावरच्या चिमुकल्या स्विचने लावायचं आणि मग नॉव्हेलच्या नेटवर्क प्रणालीच्या नेट.सीएफजी फाइलीत तेच आकडे पुन्हा लिहायचे. कार्डावर एक नि फाइलीत दुसरं असलं की मशिन गप्प. भारतात वेव्हलॅन फारसं कुणी पाहिलं नाही, पण ही आकडेमोड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत पोरं तारेच्या कार्डांवर शिकली. कोणता आकडा मोकळा आहे हे ज्याला तोंडपाठ, तो ‘हार्डवेअर इंजिनिअर’. पदवी विचारायची नाही.

वेव्हलॅनचे मालक बदलत गेले. एनसीआर १९९१मध्ये एटी अँड टीकडे गेली, १९९६मध्ये हा धंदा ल्युसेंटकडे आला, कार्डाचं नाव ओरिनोको झालं, मग अ‍ॅगेर, मग प्रॉक्सिम. चिप तीच, खोका वेगळा. ल्युसेंटकडे असतानाच त्याला असं गिऱ्हाईक मिळालं ज्याने बसवण्याची रीतच बदलली. २१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने आयबुक हातात घेऊन वेबपान उघडलं आणि त्याला कुठे तार नाही हे दाखवायला ते सर्कशीतल्यासारखं हुला-हूपच्या कड्यातून फिरवलं. ‘एअरपोर्ट’ कार्डाची किंमत ९९ डॉलर. कीबोर्ड उचलायचा, खाचेत कार्ड सरकवायचं, वरच्या पट्टीतल्या मेन्यूतून नाव निवडायचं. ते कार्ड म्हणजे अँटेना काढलेलं ल्युसेंटचंच कार्ड होतं; इतकंच काय, त्याच्या बरोबरच्या बेस स्टेशनच्या पोटातही तेच कार्ड होतं. मग जादू कसली? मशिन, प्रणाली आणि कार्डाची निवड तिन्ही एकाच्या हाती होती, म्हणून विचारायला प्रश्नच उरले नाहीत. ग्राहकाचं काम अ‍ॅपलने स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि त्याचे पैसे लावले.

पीसीच्या जगात ते काम कुणीच अंगावर घेईना. मदरबोर्ड एकाचा, विंडोज दुसऱ्याची, चिप तिसऱ्याची, खोका चौथ्याचा. या चौघांमधली फट बुजवायला खोक्यात एक छोटी सीडी यायची आणि यूएसबीच्या तोंडावर रंगीत चिकटपट्टी: आधी सीडी चालवा, मगच उपकरण लावा. उत्साहाच्या भरात आधी लावलं की विंडोज स्वतःच्या अकलेने काहीतरी ओळखे, पिवळं उद्गारचिन्ह बसे, आणि ते उठवता उठवता संध्याकाळ जाई. सीडीवरून ड्रायव्हरबरोबर कंपनीचा स्वतःचा एक प्रोग्राम यायचा, भडक रंगांचा, हिरव्या दांड्यांचा. ऑक्टोबर २००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीकडेही ‘वायरलेस झीरो कॉन्फिगरेशन’ नावाची आपली सेवा होती. दोघेही एकाच कार्डाला हुकूम सोडत. एक जोडे, दुसरा तोडे. त्या काळात सर्वांत जास्त घरांचं नेट कुठल्या एका क्लिकने सुरू झालं असेल तर ते ‘यूज विंडोज टु कॉन्फिगर माय वायरलेस नेटवर्क सेटिंग्ज’ या चौकटीतली खूण घालण्याने किंवा काढण्याने. कुठल्या कार्डाला घालायची आणि कुठल्याला काढायची, हे अनुभवाने कळे.

चावीची चौकट याहून छळवादी. ‘वेप’ या सुरुवातीच्या सुरक्षापद्धतीची चावी १० हेक्स आकड्यांची, म्हणजे ४० बिट. इतकी तोकडी का, तर मानक लिहिलं जात असताना त्याहून भक्कम सांकेतिकीकरण अमेरिकेबाहेर पाठवायला बंदी होती. अमेरिकी निर्यातकायद्याचं माप नागपूरच्या ऑफिसातल्या राउटरला लागलं. त्यात २४ बिट बदलते जोडून खोक्यावर ‘६४ बिट’ छापायचे. एकाच वेळी चार चाव्या ठेवता येत, आणि त्यांचे क्रमांक काही कंपन्यांच्या ड्रायव्हरात १ ते ४, काहींच्यात ० ते ३. सोप्या शब्दावरून चावी बनवायची सोय होती, पण तो शब्द आकड्यांत कसा रूपांतरित करायचा हे मानकात नव्हतंच, त्यामुळे एका कंपनीच्या राउटरवर टाकलेला शब्द दुसरीच्या कार्डावर वेगळी चावी देई. सगळं बरोबर भरूनही न जोडलं जाण्याचं हे खात्रीचं कारण. आणि एवढा खटाटोप करून मिळणारी सुरक्षितता? २००१मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी वेपमधल्या आरसी४ या सांकेतिक पद्धतीच्या वापरातली उणीव उघड केली आणि पुरेशी पॅकेटं गोळा केली की चावी आपोआप हाती येऊ लागली. वेपच्या जागी आलेलं २००३चं डब्ल्यूपीए हे मुद्दाम असं बेतलं होतं की विकल्या गेलेल्या कार्डांनाही ते नव्या ड्रायव्हरने, फर्मवेअरने पेलावं. खोका न बदलता कार्डाची वागणूक बदलता येते, हे सामान्य वापरणाऱ्याला पहिल्यांदा तेव्हा जाणवलं.

वेगाच्या आकड्यात एक वेगळीच गोष्ट दडली आहे. ८०२.११बीच्या ११ मेगाबिटवरून ५४ वर उडी आली ती १९९९च्या ८०२.११ए आणि २००३च्या ८०२.११जीमुळे. खोलीतल्या भिंती, कपाटं, माणसं यांच्यावर आपटून एकच संदेश कार्डाकडे मागेपुढे अनेकदा येतो. वेग वाढवला की हे पडसाद एकमेकांत मिसळतात. एक मोठा प्रवाह न पाठवता अनेक मंद प्रवाह शेजारी शेजारी पाठवायचे आणि दुसऱ्या टोकाला फूरिए गणिताने वेगळे करायचे, हा उपाय. त्या दिशेचं एक महत्त्वाचं पेटंट ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या जॉन ओ’सुलिव्हन आणि सहकाऱ्यांचं, १९९६चं. ओ’सुलिव्हन हा रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटाचे क्षीण संदेश शोधताना या गणिताशी त्याची दोस्ती झाली होती. कृष्णविवरं सापडली नाहीत. पेटंटावरून संगणक कंपन्यांशी कोर्टबाजी झाली आणि सीएसआयआरओला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले.

त्याच सीएसआयआरओच्या रेडिओफिजिक्स विभागाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५०च्या दशकात तिथे शिकले, आणि सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या त्या संस्थेने भारताला देऊन टाकल्या. १९६५मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या. भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक ती. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही जी रेडिओ दुर्बीण उभी आहे तिची वंशावळ इथून सुरू होते. आणि माणसाने बनवलेला प्रत्येक प्रक्षेपक हा खोडदच्या शास्त्रज्ञांच्या लेखी कचरा, हेही खरं.

जी कार्डं आल्यावर एक गंमत झाली. जुन्या बी कार्डांना नव्या पद्धतीचं बोलणं कळेना, ती मध्येच बोलू लागली. म्हणून जी कार्डाने आधी जुन्या बोलीत ‘आता मी एवढा वेळ बोलणार’ असं जाहीर करायचं ठरलं. ‘मिक्स्ड मोड प्रोटेक्शन’ची ओळ ती हीच, आणि तिच्या समोरचे पर्याय वाचा: आरटीएस/सीटीएस, किंवा सीटीएस-टू-सेल्फ. कारखान्यातून बंद होऊन आलेला तोडगा मागल्या दाराने परत कामाला लागला.

लिनक्स वापरणाऱ्यांनी जे सोसलं ते या सगळ्यापेक्षा वेगळं. ल्युसेंटच्या जुन्या कार्डांवर त्यांचं छान चाललं होतं. फ्रान्सचा जाँ तूरिये हा एचपीत काम करताना ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन गेला होता, आणि नाव, चॅनेल, चावी एका ओळीत टाइप केली की झालं. मग स्वस्त चिपांचं युग आलं. त्यांत रेडिओचं बरंचसं काम कार्डाऐवजी ड्रायव्हरकडे ढकललेलं. शक्ती किती, फ्रिक्वेन्सी कुठली, हे सॉफ्टवेअर ठरवणार. उत्पादक म्हणू लागले की ड्रायव्हर उघडा केला तर कुणीही परवानगीबाहेरच्या लहरी सोडेल आणि नियामक आम्हाला धरतील. ही सबब पूर्ण खोटी नव्हती, पण सोयीची नक्की होती. १९३३च्या कायद्यातली परवान्याची भीती अशी फिरून फिरून एका बंद फाइलीत येऊन बसली.

त्यावर २००३मध्ये स्वीडनच्या पाँटस फुक्सने ‘एनडिसरॅपर’ लिहायला घेतलं. कल्पना अशी की विंडोजचाच ड्रायव्हर घ्यायचा आणि लिनक्सच्या आत त्याला विंडोजमध्येच असल्याचा भास निर्माण करून द्यायचा. लबाडी होती, पण चालायची. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या लिनक्सवेड्या पोरांनी ब्रॉडकॉमच्या चिपांवर या लबाडीच्या जोरावर वर्षं काढली. दुसरीकडे काही जण त्या चिपेला प्रश्न विचारून, तिची उत्तरं टिपून घेऊन, उलट्या दिशेने तिची भाषा शिकत होते. अ‍ॅथेरॉसने २००८मध्ये खुला ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१०मध्ये. तोवर लिनक्सच्या गाभ्यात देशवार नियमांचा एक तक्ताही आला होता. भारतासाठी ‘आयएन’, आणि देश कळला नाही तर ‘००’, म्हणजे सर्वांत भित्रा नियम, जिथे १२ आणि १३ चॅनेलवर आधी दुसरं कुणी बोलताना ऐकल्याखेरीज तोंड उघडायचं नाही.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नये ही शिकवणही याच मंडळींनी इतरांना दिली. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे पांढरं यूएसबी अ‍ॅडॉप्टर सायबर सुरक्षा शिकणाऱ्यांचं लाडकं. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप, दुसरीपासून रिअलटेकची. बाहेरून तेच नाव, तीच डहाळीसारखी अँटेना. आत ड्रायव्हर वेगळा, गुण वेगळे. म्हणून आजही ओएलएक्सवर त्याची चौकशी करणारा पहिला प्रश्न किमतीचा करत नाही, ‘व्हर्जन वन आहे का, मागचं स्टिकर दाखवा’ म्हणतो.

आता कार्ड दिसतही नाही. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत कार्डाचा अर्धा भाग प्रोसेसरकडच्या सिलिकॉनमध्ये शिरला आहे आणि बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर केवळ रेडिओ उरला आहे. एएक्स२०० आणि एएक्स२०१ या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येणार नाही, पण पहिली एएमडीच्या मशिनमध्ये चालते आणि दुसरी चालत नाही, कारण तिचा उरलेला अर्धा तिथे नसतो. ऑनलाइन स्वस्त मिळाली म्हणून दुसरी मागवणारे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीवाल्यापुढे उभे असतात.

आणि ड्रायव्हरचं काम संपलं असं वाटत असेल तर नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ कोरी टाकून बघावी. पेन ड्राइव्हवरची विंडोज वर्षभर जुनी, कार्ड कालचं. ती भाषा विचारते, कीबोर्ड विचारते आणि मग ‘नेटवर्कला जोडा’ म्हणून थांबते. खाली यादी रिकामी, कारण कार्ड तिला ओळखता आलेलं नाही. होम आवृत्ती इथून नेटशिवाय पुढे सोडत नाही, आणि नेट सुरू करणारा ड्रायव्हर नेटवर. दुरुस्तीवाले यावर वेळ घालवत नाहीत. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावतात आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करतात. फोनला नेटवर्क कार्ड समजण्यापुरता ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. वायरलेसचा ड्रायव्हर उतरला की केबल काढायची. हातात आयफोन असेल तर त्याचा ड्रायव्हर कोऱ्या विंडोजमध्ये सहसा नसतो. मग शेजाऱ्याकडून अँड्रॉइड मागून आणायचा.